बिटाच्या शेतातली अंगठी

माझी बायको एनिड वारल्यावर आठ महिन्यांनी, जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधणाऱ्या आमच्या क्लबला तिची लग्नाची अंगठी सापडली. पंचवीस वर्षांपूर्वी याच बिटाच्या शेतात ती तिच्या बोटातून निसटली होती. रविवारी सकाळी ग्लेनिसचं धातुशोधक यंत्र वाजलं आणि मी खुरप्याने अंगठी उकरून काढली. झिजून तारेसारखी झाली होती. आत कोरलेलं होतं: एनिड, १९७१.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तरी हस की रे, स्टॅन!" म्हातारा विल्फ म्हणाला.

मला काहीच वाटलं नाही. आठ महिने कशाचंच काही वाटत नव्हतं. हातातला चहा गरम आहे की गार, तेही कळायचं नाही.

मी माती लोटायला लागलो तशी ग्लेनिस खेकसली, "थांब! बुजवण्याआधी खड्डा परत तपासायचा. नियम विसरलास?"

तिने खड्ड्यावर यंत्र फिरवलं. ते पुन्हा वाजलं.

दुसरी अंगठीही तीच होती. तेच नाव, तेच साल, गाडीच्या दारात चेमटून पडलेली तीच खोच. फक्त झिजली कमी होती.

"दोन केल्या होत्यात का रे तुम्ही?" ग्लेनिसने विचारलं.

"एकच."

यंत्र अजून वाजत होतं. ग्लेनिस दोन पावलं मागे सरकली. मी कोपरापर्यंत हात आत घातला.

तिसरी नवीकोरी निघाली. खोच नव्हती, मातीचा कणही नव्हता.

आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या बोटांना काही जाणवलं. अंगठी गरम होती, कुणी आत्ताच बोटातून काढून हातात द्यावी तशी.