दुखत नव्हतं म्हणून

डोमा परसाकडून आला आणि दाराशीच बसला. "गोकुळा, आज झाडा काळा झाला. डांबरावानी." त्याच्या बायकोचं, गोकुळाचं पाखडणं थांबलं. त्याच्या पोटातल्या जळजळीवर मूल गावच्या डॉक्टरांनी गोळ्या देताना बजावलं होतं, "शौचाला काळं झालं तर दुखत नसलं तरी लगेच या." "काऊन भेऊन राह्यली? जांभळं खाल्ली ना मी. पोट तं दुखूनच नाई राह्यलं." "गोळीनं दुखणं दबलं असन तं? उठा, एसटी येते." रस्ताभर तिनं त्याचा हात सोडला नाही, तो गार पडत चालला होता. दवाखान्याच्या पायरीवर डोमा कोसळला. पोटातली जखम आतल्या आत वाहत होती. निरोप मिळताच घरचे धावत आले. धाकट्या दिराचं रक्त जुळलं, बाटली चढली. सगळे रडत होते, गोकुळाचे डोळे मात्र कोरडे. दुसऱ्या दिवशी डोमानं ओठ हलवले. "थोडी पेज दे ना." तेव्हा कुठे गोकुळा हमसून रडली.