निळ्या रेषेचा दगड

"दगड दाखवा, मी आजच तळमजला रिकामा करायला लावते," स्नेहल मॅडम म्हणाल्या. पूररेषेची पाहणी करायला आलेल्या इंजिनियर त्या. शेखरला तर त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

"नकाशे दोन आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या नकाशात तुमची बिल्डिंग निळ्या रेषेच्या आत, म्हणजे तिथं राहायची परवानगीच नाही. बिल्डरच्या नकाशात बाहेर. आता जागेवरचा दगडच खरं सांगणार. मागे नाल्याकडे निघाला तर बिल्डर खरा, पुढे रस्त्याकडे निघाला तर तुम्ही. सिमेंटचा, चौकोनी, निळा रंग, गुडघ्याएवढा."

झालं. शेखरनं रस्त्याकडचं अख्खं गवत पालथं घातलं, पहार मारून मारून हाताला फोड आले. बिल्डर धनराज गाडीला टेकून बघत होता.

"शेखरभाऊ, दगड शोधताय का गुप्तधन?"

शेखरनं पहार पुन्हा जमिनीत मारली. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी न्हाणीपर्यंत आलं होतं, आणि आईचे गुडघे असे, की पळणं सोडा, तिला जिना चढवत नव्हता. निकाल बाजूनं लागला तर दुसरीकडे घर द्यायला लागणार होतं बिल्डरला. बस, तेवढंच हवं होतं त्याला.

आई, सुलाबाई, मात्र निवांत. तिचा म्हसोबा होता ना रस्त्याकडच्या गेटजवळ. नामपूर गाव सोडून इथं राहायला आली तेव्हाच कुणीतरी शेंदूर फासलेला; तेव्हापासून दर रविवारी तिचं तेल, शेंदूर, नारळ. थरावर थर बसून देव नुसता गुबगुबीत झालेला. वर पत्रा शेखरनंच ठोकून दिलेला.

"काय जीव काढतो रे," ती अहिराणी मिसळून म्हणायची. "म्हसोबा शे ना दारात. रोज सांगते त्याला, माझ्या लेकाचा दगड सापडू दे."

"मग पत्ता देतो का तो?"

"देईल. घाई नसते त्याला."

पाहणी आटोपून जाताना मॅडमसुद्धा चपला काढून म्हसोबाच्या पाया पडल्या, खोबरं तोंडात टाकलं आणि हळूच म्हणाल्या, "उपटून फेकला असणार हो कुणीतरी. दगडच नाही, तर माझे हात बांधलेले."

पुढच्याच आठवड्यात धो धो पाऊस, त्यात धरणातून पाणी सोडलं. नदी तुंबली, नाला उलटा फिरला. शेखर सातपूरला कंपनीत. फोनवर फोन करतोय, आई उचलत नाही. रिक्षा नाही, काही नाही, पळत पळत आला तर गेटपाशीच कमरेएवढं पाणी. पुढे उतारावर तर गळ्यापर्यंत. पाण्याच्या दाबानं दार उघडेना. खिडकीचे गज वाकवून आत शिरला तो.

सुलाबाई पलंगाशेजारी सापडली. हातात फोन होता.

सुतकात देवाला शिवायचं नसतं. पण पाणी ओसरलं तसा शेखर म्हसोबाला जाब विचारायला गेला. तीच पहार घेऊन.

पत्रा वाहून गेला होता. शेंदराची जाड खोळ पाण्यानं सुटून चिखलात पडली होती.

आतला म्हसोबा चौकोनी होता. निळा.