वाजणारे कप

मुलगी बघायला कबनूरचे पाहुणे येणार म्हणून आईने घरभर धूप फिरवला आणि रुचिताला धाप लागली. तिने दम्याचा पंप ओढला. आईने तो तांदळाच्या डब्यात लपवला. “कळलं तर उठून जातील पावणं!” औषधाने नेहमीसारखे रुचिताचे हात थरथरू लागले आणि त्याच हातांत चहाचा ट्रे आला. कप बशांवर वाजत बाहेर गेले. मुलाची आई हरखली. “कशी लाजतीया बघा! असलं वळण आता ऱ्हायलंय कुठं?” लग्न जवळजवळ जमलंच. रुचिताचं डोकं फिरलं. आत जाऊन तिने तांदळातून पंप काढून आणला आणि पाहुण्यांसमोरच्या ट्रेमध्ये बिस्किटांशेजारी ठेवला. “लाजत न्हाय, मावशी. दम्याचा पंप मारून आलोय, त्यानं हात थरथरत्यात. याच हातानं रोज शाळेत पोरांस्नी फळ्यावर गणितं शिकवतोय.” मुलाच्या आईने चहा उचलला. कप बशीवर वाजू लागला. “तुम्ही का लाजतायसा, मावशी?” रुचिताने विचारलं.