वाचता येणारी एकटीच

प्राचीन ग्रीक आणि लॅटिनमध्ये पीएचडी करून ती कधीची घरी बसली होती. विद्यापीठातून विभागप्रमुखांचा फोन आला, तेव्हा आईने हातातलं काम टाकून तिच्या कपड्यांना इस्त्री केली.

"या भाषा वाचणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही," विभागप्रमुख म्हणाले. तिचा ऊर भरून आला.

त्यांनी तिला विभागाच्या ग्रंथालयापाशी नेऊन दार उघडलं. "विभाग बंद झालाय, खोली रिकामी करायचीय. यातलं ठेवायचं काय आणि रद्दीत काय घालायचं, तेवढं सांगा."

ती बाह्या सरसावून पहिल्या कपाटाला भिडली.

दुपारी आईचा फोन आला. "काय गं, लागलं का काम?"

"लागलं ना," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत संपेल."