बाबांचा गृहपाठ

बाबा मॅनेजर होते त्या बांधकामावरची परांची कोसळून ते गेले, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी लिहून दिलं, "धोका आहे हे मॅनेजरनी आम्हाला कळवलंच नाही." तेव्हापासून आईने मान खाली घातली ती घातलीच.

आज बाबांची प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रशिक्षणाची वही सापडली, अपघाताच्या महिनाभर आधीची. शिकवायला हेच साहेब! गृहपाठ होता : 'तुमचं काम फसलं आहे असं समजा आणि का फसलं ते लिहा.'

"आई, ऐक ना गं! बाबांनी लिहिलंय, 'पाचव्या मजल्याची परांची सडली होती. वेळेत बदलली नाही. माणसं गेली.'"

"आणि साहेबांनी वाचलंच नसेल, हो ना?"

खाली लाल शाईत साहेबांची सही होती आणि शेरा : 'कल्पनाशक्ती अफाट! दहापैकी दहा.'