नीतूच्या दोन टिकल्या

बरणी ओट्यावर उपडी घातलेली होती. घासूनपुसून लख्ख.

नीतूने पाण्याची कळशी अंगणातच टेकवली आणि चुलीकडे धाव घेतली. पातेल्यात रस्सा रटरटत होता. तिने झाकण सरकवलं, तशी तवंगातून एक शेपटी वर आली. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका होता.

"माय! ह्या टिकल्या?"

"मंग काय!" शकुनने पाट्यावरचा वरवंटा थांबवलासुद्धा नाही. "नागपूरची पाहुनी येऊन राहिली. तिले काय वांग्याची भाजी वाढू?"

"आन् बरणी?"

"शेवाळ धरलं होतं तिले. पाहुनीसमोर तसलं ठेवाचं का? घासली म्या. उभी काहून राहिली? कांदे चिर."

नीतूने पेला उचलला. ती पाणी घ्यायला कोपऱ्यातल्या मडक्याकडे वळली, तर आई पुन्हा खेकसली, "त्या मडक्याले हात लावू नोको! घागरीतलं घे."

पोरीचं सगळं जग त्या बरणीत होतं. टिकली ही लाखांदूरकडच्या तलावांतली जुनी मासोळी. तलावात बेशरमीची झुडपं माजली, पाण्यातलं जुनं गवत गेलं आणि त्याबरोबर टिकलीही गेली. नीतूने बापाला, सुखरामला, कामाला लावून तलावाचा एक कोपरा साफ केला, दुसऱ्या गावाहून ते गवत आणून तिथे लावलं. त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, असं सुखरामकडून वचन घेतलं. गेल्या पावसाळ्यात तिला तिथे दोन टिकल्या सापडल्या, त्या तिने बरणीत ठेवल्या. त्या दोघींच्या जोरावर तिचा प्रयोग शाळेतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला पोचला. आता पंधरा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धा होती. भारताच्या संघात एकच जागा उरली होती आणि प्रयोग डोळ्यांनी बघून ती ठरवायला रीता मॅडम आज नागपूरहून येणार होत्या.

मॅडमनी फोनवर आधीच बजावलं होतं, "दोन मासे कुठूनही येऊ शकतात, नीतू. ते तुझ्या तलावात वाढताहेत, हे मला दिसायला हवं."

दोघीच दाखवून ते कसं पटवायचं, याचीच तिला चिंता होती. आता दोघीही रश्श्यात गेल्या होत्या.

ती कांदे घेऊन अंगणात बसली. सुखराम ओलं जाळं मांडीवर घेऊन सुतळीने शिवत होता. पोरीकडे त्याने धड पाहिलं नाही.

"रडून काहून राहिली वो?"

"कांदा हाय, बा."

रीता मॅडम आल्या त्या थेट कामाचंच बोलायला लागल्या. नीतू पुढे झाली. "मॅडम, मला आधी एक सांगायचं आहे..."

"आधी जेवन," शकुन मध्येच म्हणाली. "आमच्या घरी पाहुन्याच्या पोटात अन्न गेल्याबिगर कामाचं बोलत नाई, बाई. ढिवराच्या घरून पाहुना मासोळी न खाता गेला तं गाव हसते."

मॅडमचं काही चाललं नाही. पाट मांडले, भात वाढला, त्यावर रस्सा ओतला. नीतू खांबाला टेकून उभी राहिली. तिची नजर जमिनीवरून हलेना. आईचा राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. आईने आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं तेच पाहुणीच्या ताटात घातलं होतं.

"अजून आहे का?" मॅडमनी विचारलं.

"लाजू नोका, पातेलं भरलं हाय."

थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "सुखरामभाऊ, तुमच्या ताटातल्या शेपट्या टाकू नका. मला द्या."

सुखरामचा घास हातातच राहिला. उष्ट्या ताटातलं पाहुणीला कसं द्यायचं? पण मॅडमनी हात पुढे केलाच. ही बाई माझ्या मासोळ्यांची हाडं न्यायला आली की काय, असं नीतूला वाटलं, आणि तिचा बांध फुटला.

"मॅडम, बरणी रिकामी आहे. माझ्याजवळ दाखवायला काहीच उरलं नाही. आईला काही म्हणू नका. सांभाळायचं काम माझं होतं."

मॅडमनी हातातली शेपटी ताटाच्या काठाला ठेवली.

"पासपोर्ट काढलास का?"

"नाही."

"मग उद्याच अर्ज कर. डिसेंबरात जायचंय."

नीतूला काही उमजेना. "पण मॅडम, मासोळ्या तर..."

मॅडमनी आपलं ताट तिच्याकडे वळवलं. ताटाच्या काठाने शेपट्या ओळीने मांडल्या होत्या. नखाएवढ्यापासून दोन बोटं रुंद शेपटीपर्यंत, पिल्लाच्या शेपटीपुढे वाढलेल्या मासोळीची, अख्ख्या काठाला वळसा घालून. प्रत्येकीवर तो काळा ठिपका.

सुखराम खाली मान घालून उठला. "बेटा, वचन मोडलं म्या. पाहुनी येनार म्हनून सकाऊन तुह्या कोपऱ्यात जाळं टाकलं. एकाच फेकीत फाटलं थे, वजनानं."

"वचनाचं मंग बोला," चुलीजवळून शकुन ओरडली. "नीतू, बरणी वाळली असन, त्या मडक्यातल्या तुह्या दोघी आधी तिच्यात सोड, म्हंजे मले मडकं मोकळं होईन!"