एकशेवीस-ऐंशी

सायन्सला वर्गात पहिली आलेली मुलगी नर्सिंगला गेली. हृदयाचे चारही कप्पे ती डोळे मिटून काढायची. पण स्टेथोस्कोप कानात घातला की तिला काही म्हणता काही ऐकू येईना. शिकवणाऱ्या बाईंना सांगायची लाज वाटली. म्हणून सरावासाठी ती रोज घरी आईचं बीपी बघायला लागली. आईला बीपीचा जुनाच त्रास.

"किती गं?" आई विचारायची.

"एकशेवीस-ऐंशी. एकदम नॉर्मल!" ती पुस्तकातलं ठोकून द्यायची.

आज बाईंनी तिच्या कानातला स्टेथोस्कोप काढून फिरवून घातला. "अगं, उलटा घातलायस! इतके दिवस काय ऐकत होतीस?"

सायन्सच्या पेपरात हे कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येताच तिने आईच्या दंडाला पट्टा बांधला. काटा दोनशेवरून जरा खाली सरकतोय तोच ठोके खणखणीत ऐकू आले. ठोके सुरू होतात तोच बीपीचा वरचा आकडा; एकशेवीस अजून कितीतरी लांब होतं.

"आई, बीपीची गोळी घेतलीस ना?"



"त्या गोळ्या कधीच बंद केल्या गं. पोटची पोर रोज नॉर्मल म्हणतेय, ती काय खोटं सांगेल?"